पोट न फाडता जठराचा कॅन्सर काढता येतो का? एका दुर्मीळ प्रकाराच्या निमित्ताने

'ऑपरेशनशिवाय पोटाचा कॅन्सर बरा' अशा ओळी मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. कोणी त्यावर लगेच विश्वास ठेवतो, तर कोणी सगळे खोटे म्हणून पुढे जातो. खरे काय, ते या दोन्हींच्या मधे आहे. जठराचा काही कॅन्सर तोंडावाटे दुर्बीण घालून, पोटावर एकही टाका न घालता पूर्ण काढता येतो. मात्र त्यासाठी तो अगदी सुरुवातीचा, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तरापुरता असावा लागतो.

हा उपचार समजून घेण्यासाठी एक दुर्मीळ प्रकार उपयोगी पडतो. त्याचे नाव 'फंडिक ग्लँड टाइप' कॅन्सर. तो सहसा लहान आणि संथ असतो, बहुतेक वेळा योगायोगाने सापडतो आणि बऱ्याच रुग्णांत दुर्बिणीतूनच काढला जातो.

थोडक्यात उत्तर

- जठराचा कॅन्सर दुर्बिणीतून निघेल की नाही, हे मुख्यतः तो किती खोल गेला आहे यावर ठरते.
- या उपचाराचे नाव ईएसडी, म्हणजे एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन. सोप्या शब्दांत, अस्तराचा तेवढा भाग खालून सोलून एकसंध काढणे.
- काढलेल्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाल्यावरच उपचार पुरा झाला की नाही ते कळते.
- कॅन्सर खोल गेला असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. तिथे 'बिनटाक्याच्या' उपचाराचा आग्रह धरणे धोक्याचे आहे.

'सुरुवातीचा' कॅन्सर कशाला म्हणतात?

जठराची भिंत थरांची असते. सर्वांत आत अन्नाला लागून असलेले अस्तर. त्याखाली रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या असलेला मऊ थर, ज्याला डॉक्टर 'सबम्युकोसा' म्हणतात. त्याच्या बाहेर अन्न घुसळणारे स्नायू आणि शेवटी बाहेरचे पातळ आवरण.

जठराचा नेहमीचा कॅन्सर अस्तरात सुरू होतो आणि तिथून खाली उतरतो. जपानमधील एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने १९६२ मध्ये याची व्याख्या ठरवली. अस्तर किंवा त्याखालचा मऊ थर इथपर्यंतच असलेला कॅन्सर तो 'सुरुवातीचा'. स्नायूंच्या थरात शिरला की तो पुढचा. जगभर आजही हीच व्याख्या वापरतात. रिपोर्टमध्ये 'टी-वन-ए' लिहिले असेल तर कॅन्सर अस्तरातच आहे, आणि 'टी-वन-बी' लिहिले असेल तर तो मऊ थरात उतरला आहे, असे समजावे.

या एका पायरीला एवढे महत्त्व का? कॅन्सरच्या पेशी मुख्यतः लसिकावाहिन्यांतून जवळच्या गाठींमध्ये जातात, आणि या वाहिन्या खालच्या थरात जास्त असतात. कॅन्सर वरवर असेल तर गाठींपर्यंत पोहोचण्याची शक्यता फार कमी. दुर्बिणीतून फक्त जठराचे अस्तर काढता येते, बाहेरच्या गाठी काढता येत नाहीत. म्हणून 'गाठींत गेला नसेल ना?' या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळाल्याशिवाय हा उपचार करत नाहीत.

ते उत्तर जपानी डॉक्टरांनी आधी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरून शोधले. २००० साली ताकुजी गोतोदा आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीचा कॅन्सर असलेल्या ५,२६५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. या सर्वांचे जठर आणि आसपासच्या गाठी शस्त्रक्रियेने काढलेल्या होत्या. अस्तरापुरता, पेशींची ठेवण बऱ्यापैकी शाबूत असलेला आणि ३ सेंटीमीटरपर्यंतचा कॅन्सर असे १,२३० रुग्ण त्यात होते. त्यांपैकी एकाच्याही गाठींत कॅन्सर आढळला नाही. म्हणजे अशा रुग्णांसाठी मोठी शस्त्रक्रिया गरजेपेक्षा जास्त होती. दुर्बिणीतून उपचार कोणाला द्यायचा याचे आजचे नियम अशा अभ्यासांवर उभे आहेत.

फंडिक ग्लँड टाइप: हा दुर्मीळ प्रकार काय आहे?

जठराच्या वरच्या आणि मधल्या भागातील अस्तरात आम्ल आणि पेप्सिन तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांना फंडिक ग्लँड म्हणतात. या ग्रंथींच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा कॅन्सर, तो फंडिक ग्लँड टाइप. जपानमधील हिरोया उएयामा, ताकाशी याओ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १० रुग्णांच्या आधारे हा वेगळा प्रकार मानावा असे सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात त्याला जागा मिळाली.

नेहमीच्या कॅन्सरपेक्षा तो चार बाबतींत वेगळा आहे.

पहिली बाब जागेची. तो बहुधा जठराच्या वरच्या भागात असतो. तिथे दुर्बीण मागे वळवून पाहावे लागते. घाईत केलेल्या तपासणीत ही जागा नजरेतून सुटू शकते.

दुसरी बाब जिवाणूची. जठराच्या बहुतेक कॅन्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्याच्या शोधासाठी २००५ चे नोबेल मिळाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच तो कर्करोगकारक ठरवला होता. फंडिक ग्लँड टाइप मात्र हा जिवाणू कधीच न झालेल्या, एरवी निरोगी दिसणाऱ्या जठरातही आढळतो.

तिसरी बाब दिसण्याची. तो फिकट किंवा पिवळसर, किंचित उंचवटा असलेला लहानसा ठिपका असतो. त्यावर फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. तो अस्तराच्या खोल भागात सुरू होतो, त्यामुळे वरची कातडी पुष्कळदा निरोगीच असते. म्हणून वरवरच्या बायोप्सीत कधी कधी काहीच सापडत नाही.

चौथी बाब स्वभावाची. तो संथ वाढतो आणि पसरण्याचे प्रमाण फार कमी असते. पण खोल भागात सुरू होत असल्याने आकाराने लहान असतानाच मऊ थरात शिरलेला असू शकतो. शिवाय काही गाठींत ग्रंथींच्या पेशींबरोबर अस्तराच्या वरच्या थरासारख्या पेशीही असतात, आणि तो प्रकार जास्त आक्रमक वागू शकतो. म्हणून 'दुर्मीळ पण सौम्य' एवढ्यावर न थांबता पूर्ण रिपोर्ट पाहावा लागतो.

नावाचा घोटाळा: पॉलिप आणि कॅन्सर एक नव्हे

इथे अनेकांची झोप उडते. एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर 'फंडिक ग्लँड पॉलिप' लिहिलेले असते, आणि घरातला कोणी मोबाइलवर 'फंडिक ग्लँड' शोधून कॅन्सरपर्यंत पोहोचतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फंडिक ग्लँड पॉलिप हे बारीक, मऊ फोड असतात. ते बऱ्याच लोकांत आढळतात, विशेषतः पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत. बहुसंख्य लोकांत ते निरुपद्रवी असतात. आतड्यांत शेकडो पॉलिप होण्याचा आनुवंशिक आजार घराण्यात असेल तर मात्र ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

ईएसडी कशी करतात?

ही पद्धत १९९० च्या दशकात जपानमध्ये घडली. त्याआधी फास टाकून उंचवटा कापण्याची ईएमआर ही पद्धत होती. फाशात मावेल तेवढाच तुकडा एका वेळी निघायचा. डाग मोठा असला तर तो तुकड्यातुकड्यांनी निघायचा आणि कडेला काही उरले का ते नीट कळायचे नाही. टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रातील डॉक्टरांनी टोकाला सिरॅमिकची गोळी बसवलेली विजेची बारीक सुरी तयार केली. या गोळीमुळे सुरीचे टोक खाली भिंतीत घुसत नाही, पण बाजूने कापता येते. २००६ मध्ये जपानने जठराच्या ईएसडीचा सरकारी विम्यात समावेश केला.

प्रत्यक्षात पायऱ्या अशा असतात:

१. रुग्णाला गुंगी किंवा पूर्ण भूल देतात. तोंडावाटे दुर्बीण जठरात नेतात.
२. विशेष प्रकाशात आणि मोठे करून पाहत डागाची हद्द ओळखतात आणि तिच्या थोडे बाहेर ठिपक्यांची खूण करतात.
३. अस्तराखाली द्रव टोचून डाग उचलतात. त्यामुळे स्नायूंचा थर खाली सुरक्षित राहतो.
४. खुणांच्या बाहेरून गोल काप घेतात.
५. खालच्या मऊ थरातून हळूहळू सोडवत तो भाग अखंड काढतात. वाटेत दिसणाऱ्या रक्तवाहिन्या डाग देऊन बंद करतात.
६. तुकडा बाहेर काढून टाचण्यांनी सपाट पसरवतात आणि पॅथॉलॉजीकडे पाठवतात.

डागाचा आकार आणि जागा यांवर वेळ अवलंबून असतो. कधी तासाभरात काम होते, तर कधी काही तास लागतात. रुग्ण बहुधा काही दिवस रुग्णालयात राहतो. आधी द्रव आहार, मग पेज, मऊ भात असे वाढवत नेतात. आत राहिलेली जखम भरेपर्यंत काही आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. जठर जागेवर राहते, त्यामुळे जठर काढलेल्या रुग्णांना येणाऱ्या वजन घटणे, थोडेसेच जेवण जाणे, बी-१२ ची इंजेक्शने लागणे अशा अडचणी टळतात.

धोके कोणते?

मुख्य धोके दोन. एक म्हणजे रक्तस्राव. तो प्रक्रियेनंतर काही दिवसांनीही होऊ शकतो. शंभरातल्या साधारण पाचेक रुग्णांत असे घडते. काळी डांबरासारखी शौचास होणे, रक्ताची उलटी किंवा चक्कर येणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुसरा धोका भिंतीला भोक पडण्याचा. तो याहून कमी असतो आणि बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच क्लिप लावून भोक बंद करता येते. क्वचित शस्त्रक्रिया करावी लागते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावे. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयात स्टेंट असलेल्यांना त्यातून वेगळा धोका उद्भवू शकतो.

खरा निकाल पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये

'निघाला' असे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरचे निश्चिंत होतात. पण हा उपचार पुरा झाला की नाही, ते काही दिवसांनी येणारा रिपोर्ट ठरवतो. त्यात चार गोष्टी पाहाव्यात:

- कडा: बाजूची आणि खालची कड कॅन्सरमुक्त आहे का?
- खोली: मऊ थरात गेला असेल तर किती? नेहमीच्या प्रकारात साधारण अर्धा मिलिमीटर ही महत्त्वाची रेघ मानतात.
- वाहिन्या: रक्तवाहिनी किंवा लसिकावाहिनीत पेशी शिरलेल्या दिसतात का?
- पेशींची ठेवण: ग्रंथींची रचना टिकून आहे, की पेशी सुट्या विखुरल्या आहेत?

सगळी उत्तरे चांगली असतील तर ठरावीक अंतराने एंडोस्कोपी करत राहणे पुरते. साधारणपणे ती सहा महिन्यांनी किंवा वर्षाने करतात, कारण उरलेल्या जठरात दुसरीकडे नवा डाग होऊ शकतो. वाहिन्यांत पेशी दिसल्या किंवा खालची कड मोकळी नसली, तर गाठींसह जठराचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. याचा अर्थ ईएसडी वाया गेली असा नाही. नेमका किती धोका आहे हे तिच्यामुळेच कळलेले असते.

फंडिक ग्लँड टाइपमध्ये हा निर्णय जास्त नाजूक असतो. तो मऊ थरात थोडा उतरलेला असला तरी पसरण्याची शक्यता कमी मानतात. त्यामुळे नेहमीच्या कॅन्सरची मोजपट्टी त्याला जशीच्या तशी लावायची का, याचा विचार रुग्णाचे वय आणि प्रकृती पाहून तज्ज्ञांचा गट करतो.

पेशी विखुरलेल्या असलेल्या प्रकारात, ज्यात सिग्नेट रिंग प्रकार येतो, नियम कडक आहेत. तिथे अस्तरापुरता, व्रण नसलेला आणि २ सेंटीमीटरपर्यंतचाच डाग दुर्बिणीच्या उपचारासाठी योग्य धरतात.

गडबसारख्या गावातून पाहताना

जपानने जठराच्या कॅन्सरची तपासणी देशपातळीवर सुरू केली, कारण तिथे तो खूप आढळतो. २०१६ पासून पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी एंडोस्कोपीचा पर्यायही त्यात आहे. म्हणून तिथे नखाएवढे डागही सापडतात. भारतात अशी सर्वांसाठी तपासणी नाही. मिझोरामसारखी राज्ये सोडली तर आपल्याकडे या कॅन्सरचे प्रमाण तुलनेने कमी आहे. त्यामुळे पेण आणि नागोठण्याच्या दरम्यान महामार्गावर असलेल्या गडबमधल्या माणसाचा सुरुवातीचा कॅन्सर तेव्हाच सापडतो, जेव्हा कोणीतरी वेळेत एंडोस्कोपी करायला सांगते आणि तो ती करून घेतो.

अडते ते इथेच. पोटात जळजळ झाली की मेडिकलमधून गोळी आणायची, बरे वाटले की विसरायचे, पुन्हा जळजळ झाली की पुन्हा गोळी. या गोळ्या वाईट नाहीत. पण त्यांनी कॅन्सरचा त्रासही काही काळ कमी होतो, आणि कॅन्सरमधला व्रण तात्पुरता भरल्यासारखाही दिसू शकतो. तेवढ्या काळात तो अस्तरातून मऊ थरात आणि पुढे स्नायूंत जाऊ शकतो. ज्याचे काम दुर्बिणीवर भागले असते, त्याला मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते.

पुढीलपैकी काही असेल तर गोळीवर दिवस न काढता एंडोस्कोपीबद्दल विचारावे:

- कारण नसताना वजन घटणे
- काळी शौच किंवा रक्ताची उलटी
- रक्त कमी झाल्याचे निघणे, विशेषतः पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत
- घास अडकणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, वारंवार उलटी
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला आणि न थांबणारा 'ॲसिडिटी'चा त्रास
- आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत जठराचा कॅन्सर

सुरुवातीच्या कॅन्सरला बहुधा लक्षणेच नसतात, हेही लक्षात ठेवावे. म्हणून दुसऱ्या कारणासाठी केलेल्या एंडोस्कोपीत 'लहानसा डाग' लिहिलेला असेल तर तो कागद कपाटात ठेवू नये.

कुठे जायचे, काय न्यायचे?

सुरुवात पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात करता येते. कॅन्सरचे निदान झाले तर टाटा मेमोरियल सेंटरची दोन ठिकाणे आवाक्यात आहेत. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू आहे, आणि खारघरचे ॲक्ट्रेक तर रायगड जिल्ह्यातच आहे. ईएसडी हे कौशल्याचे काम आहे. एंडोस्कोपी होते तिथे ती होतेच असे नाही. म्हणून 'इथे जठराची ईएसडी नियमित होते का, वर्षाला किती होतात, भोक पडले तर सर्जन हजर असतो का' हे विचारायला संकोच करू नये.

जाताना एंडोस्कोपीचा रिपोर्ट आणि फोटो, बायोप्सीचा रिपोर्ट, तसेच प्रयोगशाळेतून बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळे मागून घ्यावेत. दुर्मीळ प्रकारात दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने काचा पाहिल्यावर निदान बदलू शकते, आणि पुन्हा तुकडा काढण्याची वेळही टळू शकते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत रायगड होता. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. नेमका हा उपचार त्या रुग्णालयात योजनेत बसतो का, हे दाखल होण्याआधी त्यांच्याकडून स्पष्ट करून घ्यावे.

टाळता येण्यासारखे काय?

फंडिक ग्लँड टाइप टाळण्याचा ठोस उपाय सांगता येत नाही. नेहमीच्या कॅन्सरचा धोका मात्र कमी करता येतो. हेलिकोबॅक्टर आढळला तर औषधांचा कोर्स पूर्ण करून तो गेल्याची तपासणी करावी. बिडी-सिगारेट सोडावी. मिश्री आणि तंबाखूलाही निरुपद्रवी समजू नये. मिठात मुरवलेले अन्न फार खाल्ल्याने जठराच्या कॅन्सरचा धोका वाढतो असे अभ्यास सांगतात. खाडीकाठच्या घरांत सुकट, सुके बोंबील आणि खारवलेली मासळी असतेच. ती सोडायलाच हवी असे नाही, पण रोज खाऊ नये, नीट धुऊन घ्यावी आणि वरून मीठ कमी घालावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एंडोस्कोपीने कॅन्सर पसरतो का? नाही. बायोप्सीला हात लावला की कॅन्सर भडकतो ही भीती निराधार आहे, आणि तिच्यामुळेच निदान लांबते.

ईएसडीनंतर केमोथेरपी लागते का? अस्तरापुरता कॅन्सर पूर्ण निघाला असेल तर सहसा लागत नाही.

सोनोग्राफी स्वच्छ आली, मग एंडोस्कोपी कशाला? सोनोग्राफीत जठराचे अस्तर दिसत नाही. सुरुवातीचा डाग फक्त आतून पाहूनच दिसतो.

वय जास्त असेल तर? फक्त वयावरून नकार देत नाहीत. मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वयस्कर रुग्णांना दुर्बिणीचा उपचार जास्त सोयीचा ठरू शकतो. हृदय, फुप्फुसे आणि भूल सोसण्याची ताकद तपासून डॉक्टर ठरवतात.

ही माहिती सर्वसाधारण समज येण्यासाठी आहे. तुमच्या रिपोर्टचा अर्थ आणि उपचार तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. 'ऑपरेशनशिवाय कॅन्सर बरा' असा मेसेज पुढच्या वेळी आला, तर तो पुढे पाठवण्याआधी त्याखाली एक ओळ जोडा: 'वेळेत सापडला तर.'